जवळचा आकडा

‘हा आकडा कुणी घातलाय, बाई?’

डॉक्टरीणबाईंनी फाइल माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि दुसऱ्या पानावर बोट टेकवलं. बोटाखाली हिरव्या शाईत ‘१४’ लिहिलेलं होतं.

अक्षर ओळखायला मला चष्माही लागला नाही. माझा चार अजूनही तसाच येतो, खालची गाठ जरा मोठी.

‘बघावं लागेल,’ मी म्हटलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य जिभेवर बसलं होतं. कुणी काहीही विचारो, आधी तेच बाहेर पडायचं.

‘बघा लवकर. गुरुवारी समिती बसतेय. काजाताईंच्या बहिणीचं पत्र आलंय, न्यायला तयार आहे म्हणते. आणि पहिल्या पानावरच्या नोंदीवरून दुसऱ्या पानावर हा आकडा कसा आला तेच मला कळत नाहीये.’ त्या जायला निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, ‘फाइल ठेवून जातेय. हरवू नका म्हणजे झालं.’

‘इथून आजवर एकही फाइल हरवलेली नाही,’ मी म्हटलं. ते खरं होतं.

मी मनोरुग्णालयाच्या नोंदखोलीत कारकून होते. निवृत्तीला तीन महिने उरले होते. सगळी इमारत एकाच नकाशावर बांधलेली, त्यामुळे रुग्णांच्या खिडक्यांना होते तसेच जाड गज आमच्याही खिडकीला होते. उन्हाळ्यात अकराच्या सुमाराला त्या गजांच्या सावल्या माझ्या टेबलावर यायच्या आणि तीनला भिंतीवर चढायच्या. मला घड्याळ लागायचं नाही.

आता मी ऐंशी ओलांडली आहे. सकाळी काय खाल्लं ते सुनेला, म्हणजे भावाच्या सुनेला, विचारावं लागतं. पण त्या खोलीतली कपाटं डोळे मिटून सांगेन. आणि त्या कपाटांतले शब्दही.

मी नोकरीला लागले तेव्हा तिथे एक म्हातारे डॉक्टर होते. ते आजाराचं नाव लिहायचे आणि पुढे एक पूर्ण वाक्य लिहायचे. ‘विषाद. धाकटा भाऊ बुडाल्यापासून बोलत नाही.’ ‘भ्रम. शेजारी आपल्या छपरावर चालतात असे म्हणतो, बाकी हिशोबी.’ ‘उन्माद नसावा. घरच्यांच्या मते हट्टी.’ मी बावीस वर्षांची होते. जेवणाच्या सुट्टीत कथा वाचावी तशी त्यांची पानं वाचत बसायचे. शब्द जुनाट होते, कधी कधी तर कठोर होते. पण शब्दामागे माणूस दिसायचा. कुणाचा भाऊ बुडाला, कुणाचं छप्पर वाजतं, ते कळायचं.

दुसऱ्या वर्षी म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला वरून छापील यादी आली. जगभर म्हणे आता आजारांची नावं एकसारखी होणार होती. प्रत्येक आजाराला आकडा. एका डॉक्टरने विषाद म्हणायचं आणि दुसऱ्याने खिन्नता, हा घोळ संपणार होता. त्यात वाईट काही नव्हतं. मलाही ते मोठं शहाणपणाचं वाटलं. जुन्या चार हजार फायलींवर नवे आकडे घालायचे काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. जुनी शाई काळी, म्हणून नवी हिरवी.

हेडक्लार्कनी एक तक्ता करून दिला. डावीकडे जुना शब्द, उजवीकडे आकडा. यादीत जो शब्दच नाही त्याचं काय करायचं, असं मी विचारलं.

‘जवळचा आकडा घालायचा,’ ते म्हणाले. ‘चप्पल नाही का घेत आपण? सात नसेल तर आठ.’

एका दुपारी मी विचारलं, ‘साहेब, बाळंतवेड कुठे घालू?’

‘वेड आहे ना त्यात? मग चौदा.’

‘पण हे बाळंतपणामुळे...’

‘बाळंत झाली नसती तर मोठी न्यायाधीश होणार होती का ती?’

सगळी खोली हसली. मीही हसले. नवी होते, साहेब विनोद करतात म्हटल्यावर हसायचं असतं एवढं मला कळत होतं. मग मी हिरव्या शाईत चौदा घातला. त्या दिवसापासून बाळंतवेडाच्या जितक्या फायली आल्या, त्या सगळ्यांवर चौदाच घातला.

चौदा म्हणजे काय ते मला पुढे कळलं. चौदा म्हणजे जन्माचा आजार. उतार पडला तरी उलटणारा. चौदाच्या बाईला नवऱ्याच्या किंवा बापाच्या सहीशिवाय सोडायचं नाही, असा नियम. आणि चौदाचा दाखला दिला की नवऱ्याला काडीमोड मिळायचा.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी पहिलं पान वाचलं. पस्तीस वर्षांत ते मी एकदाच पाहिलं होतं आणि तेही फक्त शब्द शोधण्यापुरतं. पुढे यादी दोनदा बदलली. चौदाचं एक अक्षर आणि दोन आकडे झाले, मग संगणकासाठी आणखी लांबलचक काहीतरी झालं. पण दर वेळी आम्ही शेवटच्या आकड्यावरून पुढचा आकडा घ्यायचो. पहिलं पान उघडायचं कारणच नव्हतं. कामाची पद्धतच तशी होती.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: ‘बाळंतवेड. वय चोवीस. मूल तिसऱ्या दिवशी गेले. सहा आठवड्यांत चांगला उतार. झोप येते. इतर बायकांचे कपडे शिवून देते. पुढील महिन्यात घरी सोडण्यास हरकत दिसत नाही.’

त्याखाली त्यांची शेवटची सही. पुढचं पान माझ्या चौदाचं. मग तिसऱ्या पानापासून दर वर्षी एक ओळ, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या अक्षरात: ‘बदल नाही.’ ‘बदल नाही.’ आजारच उरला नव्हता तर बदल कशात होणार?

मी फाइल मिटली आणि शिवणखोलीकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. सांगायचं धाडस तर त्या दिवशी झालं नाहीच.

काजाताईला तिथे सगळे ओळखायचे. रुग्णांच्या झग्यांना काजं करायची, म्हणून काजाताई. मशीन दुसऱ्या बायका चालवायच्या. काजं मात्र हिनेच हाताने करायची असा रिवाज पडला होता. ती आणि मी एकाच वर्षी त्या फाटकातून आत आलो होतो. मी रोज साडेपाचला बाहेर पडायचे, एवढाच फरक.

‘या, बाई,’ ती मान वर न करता म्हणाली. ‘आज वाट चुकलात का?’

‘सहज आले. कशी आहेस?’

‘बदल नाही,’ ती म्हणाली, आणि शेजारच्या दोघी हसल्या. डॉक्टर दर वर्षी तोंडाने तेच शब्द उच्चारत लिहायचे, त्यामुळे ते तिला पाठ होते. ‘बाहेर रंगारी काय करतोय हो? सकाळपासून शिडी लागलीय.’

‘फाटकावरची पाटी बदलतायत. आता “मानसिक आरोग्य केंद्र” होणार.’

‘पुन्हा?’ तिने दाताने दोरा तोडला. ‘मी आले तेव्हा वेड्यांचं इस्पितळ होतं. मग मनोरुग्णालय झालं. आम्ही पण आधी वेड्या होतो, मग रोगी झालो, मग रुग्ण, आणि परवा ती नवी सिस्टर म्हणाली आता आम्हाला लाभार्थी म्हणायचं. एवढी बढती तर तुम्हालासुद्धा मिळाली नसेल, बाई.’

‘नाही मिळाली.’

‘कुलूप बदललं का?’

‘नाही. तेच आहे.’

‘मग ठीक. उगाच नवी किल्ली सांभाळा.’ तिने झगा उलटा केला, सुई पुन्हा ओवली आणि आवाज न बदलता विचारलं, ‘बहिणीचं पत्र आलंय म्हणतात. खरं का?’

‘खरं.’

‘एकटी पडली असेल. डोळे अधू झालेत तिचे, मागच्या पत्रात होतं. सात वर्षांपूर्वीच्या.’ दोरा ओढत ती म्हणाली, ‘पहिली चार वर्षं यायची ती. दर वेळी साहेब म्हणायचे, बहिणीची सही चालत नाही. नवऱ्याची आणा. नवऱ्याने तर तोवर दुसरी आणली होती.’

मी उठले. काही काम आठवल्यासारखं केलं.

तेव्हाचे आमचे कार्यालयीन साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते, माणूस वाईट नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लोटलं.

‘बाई, तुम्ही कशाला हे अंगावर ओढून घेताय? तक्ता कुणाचा होता?’

‘हेडक्लार्कचा.’

‘ते वारले. यादी कुणाची होती? छापील. तुम्ही फक्त लिहिलंत. तीन महिन्यांत सुटताय इथून. सेवापुस्तक कसं, धुतल्या तांदळासारखं आहे तुमचं. शेवटच्या पानावर लाल शेरा घेऊन जायचंय का?’

‘आणि तिचं काय?’

‘तिचं डॉक्टर बघतील ना. त्यांनी लिहावं की बाई बरी आहे. आपण कोण सांगणारे?’

मला हे पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. डॉक्टरीणबाई हुशार होत्या, त्या लिहितील, काजाताई जाईल, आणि तो चौदा कुणाचा हे कुणी विचारणार नाही. बुधवारी मी घरी जाताना फाटकाशी उभी राहून नवी पाटीसुद्धा वाचली. अक्षरं छान काढली होती.

गुरुवारी समिती बसली. मोठे डॉक्टर, डॉक्टरीणबाई, साहेब आणि फायली पुढे करायला मी. काजाताईचा नंबर तिसरा होता.

‘ह्या पूर्ण बऱ्या आहेत,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘गेली कित्येक वर्षं ह्यांना औषधसुद्धा नाही. मी म्हणते, सोडायला हवं.’

‘मी कुठे नाही म्हणतोय?’ मोठे डॉक्टर संगणकाकडे वळले. ‘काय भरू? इथे तीनच पर्याय आहेत. नियंत्रित, अंशतः नियंत्रित, अनियंत्रित.’

‘बरी झाली, असं भरा.’

‘तसा पर्याय नाही. ह्या आजारात बरं होणं यादीला मान्यच नाही. नियंत्रित भरतो.’ त्यांनी बोट दाबलं. ‘हं. नियंत्रित भरलं की विचारतंय, पती किंवा पालकाची संमती.’

‘पती नाही, पालक वारले. बहीण आहे.’

‘बहीण नाही घेत हे.’

‘मग ती जागा रिकामी ठेवा.’

‘रिकामी ठेवली की पुढचं पान उघडत नाही. बघा, तुम्हीच बघा.’

डॉक्टरीणबाई उठून पडद्याजवळ गेल्या. दोघांनी बराच वेळ खटाटोप केला. मला आमचं पूर्वीचं जाड रजिस्टर आठवलं. त्यात गेलेल्यांसाठी तीन रकाने असायचे: बरी होऊन गेली, तशीच नेली, वारली. कुणाची भीडभाड न ठेवणारी भाषा होती ती. ‘वेडी’ म्हणायची, पण ‘बरी’ही म्हणायची. वेडी हा शब्द आम्ही परिपत्रक काढून बंद केला, योग्यच केलं. बरी हा शब्द कधी गेला ते मात्र कुणाच्या लक्षातही आलं नाही.

‘पुढच्या बैठकीत बघू,’ मोठे डॉक्टर म्हणाले. ‘वर लिहून विचारतो. सहा महिने तर लागतीलच. पुढची फाइल?’

पुढची फाइल माझ्या हातात होती. मी ती दिली नाही.

‘एक रस्ता आहे,’ मी म्हटलं. ‘नोंदीतील दुरुस्ती म्हणून एक पान आहे. डॉक्टरांना नाही ते उघडत, आमच्या खोलीतून उघडतं. कारकुनाने आकडा चुकीचा घातला असेल तर तो पहिल्यापासून रद्द करता येतो. मग पुढचं सगळंच रद्द होतं. संमतीचा नियमही.’

‘पण आकडा चुकीचा होता हे कोण म्हणणार?’

‘ज्याने घातला त्याने लिहून द्यायचं.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून.

‘मी घातला होता,’ मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी फाइल पुन्हा दुसऱ्या पानावर उघडली. सोमवारी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना गुरुवारी मिळालं होतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दोन चांगल्या डॉक्टरांच्या शब्दाने जी बाई सुटत नव्हती ती एका कारकुनाच्या चुकीने सुटणार होती, ह्याचं मोठ्या डॉक्टरांना हसू आलं. ते हसलेसुद्धा. मला त्यांचा राग आला नाही. त्या तक्त्याच्या वेळी मीही अशीच हसले होते.

दुरुस्तीच्या कागदावर रुग्णाची सही लागायची. म्हणजे तो घेऊन मलाच जायचं होतं.

शिवणखोलीत तेव्हा ती एकटीच होती. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. मी तिच्यासमोरच्या बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. तक्ता, जवळचा आकडा, हिरवी शाई. खोलीतलं हसणंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण सुरुवात केल्यावर मधे थांबता आलं नाही.

ती ऐकत होती. सुई चालू होती.

‘म्हणजे मला झालं काय होतं?’ तिने विचारलं.

‘बाळंतवेड.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘ते तर माझ्या थोरल्या जावेलाही झालं होतं. दोन महिने भिंतीशी बोलायची. मग उठून कामाला लागली. तिला कुणी कुठे नेलं नाही, तेवढं बरं झालं तिचं.’ काज पूर्ण करून तिने दोऱ्याला गाठ मारली. ‘आणि मला वाटायचं, माझ्यात अजून काहीतरी आहे. मला दिसत नाही, पण एवढे डॉक्टर बघून लिहितात म्हणजे असणारच. रात्री कधी रडू आलं तर दाबून ठेवायची मी. म्हणायची, हेच ते असेल, वर येतंय. बाळाची आठवण काढायची नाही, हसायचं पण बेतानं.’

मी मान खाली घातली होती.

‘तुझं अक्षर चांगलं होतं म्हणून तुला बसवलं असेल,’ ती म्हणाली.

पस्तीस वर्षं ती मला ‘अहो बाई’ म्हणत आली होती. त्या दिवशी प्रथमच तिने मला ‘तू’ म्हटलं. ते रागाचं होतं की जवळिकीचं, ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही नसावं. दोघी जवळजवळ एका वयाच्या होतो, एवढंच असेल.

‘आण तो कागद,’ ती म्हणाली. तिने सही केली. काजासारखी बारीक, एकसारख्या टाक्यांची. मग माझ्या हातात कागद देत म्हणाली, ‘माफ केलं असं म्हणवून घ्यायला थांबली असशील तर ते आज नाही जमायचं.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्यासाठी नाही थांबले.’

पण त्यासाठीच थांबले होते.

बहीण पुढच्या मंगळवारी आली. खरंच डोळ्यांनी अधू होती. दारातच एका सिस्टरच्या गळ्यात पडायला गेली. काजाताईने तिला मागून हाताला धरून वळवलं आणि म्हणाली, ‘इकडे ग. ती सरकारी आहे.’ दोघी फाटकाकडे चालत गेल्या. पायरी आली की काजाताई थांबून बहिणीला ‘पायरी’ म्हणायची. कोण कुणाला घेऊन जात होतं ते पाहणाऱ्याला कळलं नसतं. मी नोंदखोलीच्या खिडकीतून पाहत होते. खाली जावं असं वाटलं, गेले नाही.

माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला. साहेबांनीच लिहिला, आणि होता होईल तो बारीक अक्षरात लिहिला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. ह्या वेळी बसल्या.

‘बाई, अशा आणखी किती?’

मला ‘बघावं लागेल’ म्हणता आलं नाही, कारण मी बघून ठेवलं होतं. बाळंतवेडाच्या तेरा. एक काजाताई. दोघींना सुरुवातीच्या वर्षांतच घरच्यांनी नेलं. दहा इथेच वारल्या. कुणी नऊ वर्षांनी, कुणी एकोणतीस.

‘त्यांची दुरुस्ती?’

‘मेलेल्यांसाठी ते पान उघडत नाही,’ मी म्हटलं.

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो मला फार जड वाटला.

मृतांच्या फायली मागच्या खोलीत, छतापर्यंतच्या कपाटांत असायच्या. आमचा शिपाई माझ्याच वयाचा, गुडघेदुखीवाला. तो कुरकुरत शिडीवर चढला, धूळ झटकून पहिली फाइल खाली दिली आणि वरूनच म्हणाला, ‘बाई, ही तर गेली कधीच.’

‘माहीत आहे.’

‘घरच्यांना कळवायचंय का?’

‘घरचं कुणी नाही.’

‘मग हे वाचणार कोण?’

मी पहिलं पान उघडलं. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं: ‘आजार बाळंतवेडच होता. बरी झाली होती. चौदा हा आकडा मी चुकीने घातला.’ खाली तारीख घातली आणि पूर्ण नावाने सही केली. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

शिपाई थोडा वेळ शिडीवरून बघत राहिला. मग खाली उतरला, आणि शिडी उचलून पुढच्या कपाटाला लावली.